वेळ आणि वेलै

अप्पा, परवा कॉम्प्युटर सेंटरमधली ती रिसेप्शनवरची मुलगी आपल्या घरी आली होती. मुलगी कसली, पन्नाशीला टेकली आहे आता. तिच्या लेकीचं लग्न ठरलंय, त्याची पत्रिका घेऊन आली. अम्माच्या पाया पडली, फळं दिली, आणि मग दर वेळी करते तेच केलं. अम्माचे दोन्ही हात धरून तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, त्या दिवशी मी नीट ऐकलं असतं तर." अम्माही दर वेळी म्हणते तेच म्हणाली, "पोदुम मां, पुरे. तुझी काय चूक." मी स्वयंपाकघरात कॉफी करत होते. डिकॉक्शन गळायला वेळ लागतो, हे कारण मला बरं मिळालं. ती अंगणात चपला घालेपर्यंत मी बाहेर आले नाही, आणि आले तेव्हा हसून लग्नाला येते म्हणाले. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझं मराठी आता पुण्याचं झालं आहे. नोकरीला तिकडे गेले, तिथेच राहिले, बाराखडी तिशीत शिकले. इथे तंजावूरला सुट्टीला आले की अम्मा म्हणते, "रेडिओ लावल्यासारखी बोलतेस." तुम्हीही तेच म्हणाला असतात. तुमचं मराठी घरातलं आणि बसमधलं, आणि लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांतलं. मी तिरुच्चीला कॉलेजात असताना तुम्ही पाठवायचात ती पत्रं अजून माझ्याकडे आहेत. वरून बघणाऱ्याला वाटावं तमिळच आहे, मोठ्याने वाचलं की आत आपलं मराठी. होस्टेलच्या मुली पत्र उचलून वाचायला जायच्या आणि दुसऱ्या ओळीला ठेचकाळायच्या.

सेंटर तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षांत तंजावुरात गल्लोगल्ली कॉम्प्युटर सेंटरं उघडत होती. जिथे काल शिंपी बसायचा तिथे आज काचेचं दार आणि बाहेर चपलांचा ढीग. मी सकाळच्या बॅचला शिकवायची. दुपारी बॅच नसली की त्याच मशीनवर मोटारींच्या शर्यतीचा गेम चालायचा. तळ्याच्या कडेने जाणारा रस्ता, सात वळणं, आणि फेरी संपली की पडद्यावर उमटणारे आकडे. भिंतीवर एक कागद चिकटवला होता, त्यावर सगळ्यात कमी वेळात फेरी मारणाऱ्या पाच जणांची नावं. पाचही मुलगे. "मॅडमना टायपिंग छान येतं," असं त्यांतला एक पॉलिटेक्निकवाला म्हणाला, तेव्हा मी चवताळले. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडायचा सोडून गाडी चालवायला लागले. माझी फेरी एक मिनिट एकतीस सेकंदांची. कागदावरच्या शेवटच्याची एक सव्वीस. पाच सेकंद म्हणजे काय, असं बाहेरच्याला वाटेल. त्या रस्त्यावर पाच सेकंद म्हणजे तंजावूर ते मद्रास.

एका रविवारी बसची ड्यूटी संपवून तुम्ही मला न्यायला आलात. खाकी कपडे, खांद्यावर टॉवेल, चपला बाहेर काढून अनवाणी त्या थंड खोलीत. मला थोडी लाज वाटली, अप्पा. ते सांगून टाकते. तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे राहून तीन फेऱ्या बघितल्यात. पाचव्या वळणावर माझी गाडी तिन्ही वेळा भिंतीला घासली. पॉलिटेक्निकचे मुलगे हसू दाबताहेत, आणि तुम्ही आपल्या मराठीत, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने बोलता आहात:

"वळणांत काय वेग मोडतेस? वळण यायच्या आधीं मोड. सरळ रस्त्यावर मोड. वळणांत गाडीला सोडून दे, ती जाते."

"मग उशीर होतो ना अप्पा."

"आंत शिरतां उशीर, निघतां लवकर. आणि भिंतीकडे पाहूं नको. जेथें जायचंय तेथें पाहा. डोळे जातात तेथें गाडी जाते."

मुलग्यांना एक अक्षर कळलं नाही. माझ्याशी स्पर्धा करणाऱ्यांच्या तोंडावर तुम्ही मला सगळी विद्या देत होतात आणि ते आपले बघत होते. इतकी मजा मला त्या आधी मराठी येण्याची कधी वाटली नव्हती. मग तुम्ही विचारलंत, "मागें कोण बसलंय?" मी म्हटलं, "कोणी नाही, गेम आहे." तुमचा चेहरा उतरला. "म्हणूनच अशी चालवतेस. कोणी बसलंय असं समजून चालव."

मला लगेच तुमचा ताकाचा तूक्कु आठवला. शाळेला सुट्टी असली की मी ओरत्तनाडूच्या फेरीला तुमच्याबरोबर यायची, इंजिनच्या झाकणाशेजारच्या सीटवर. त्या गरम झाकणावर फडकं घालून तुम्ही झाकणाचा स्टीलचा डबा, आपला तूक्कु, काठोकाठ ताक भरून ठेवायचात, आणि झाकण मुद्दाम नुसतं टेकवलेलं. कालव्याच्या पुलावरचं वळण, छत्रमाच्या धर्मशाळेजवळचं वळण, समोरून गवताची बैलगाडी, मध्येच सायकलवाला. ताक सांडायचं नाही. आणि तरी बस वेळेवर. बाकीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत, करकचून ब्रेक लावत यायचे आणि तुमच्यानंतर पोचायचे. एकदा ताक सांडलं, तुम्ही ओरत्तनाडूला उतरून फडकं पिळलंत आणि दुपारचा डबा न उघडता परत आणलात. मला तेव्हा वाटलं होतं ताकाचं वाईट वाटलं.

सोमवारपासून मी कीबोर्डशेजारी पाण्याचा पेला ठेवून गाडी चालवू लागले. पडद्यातल्या गाडीने खरं पाणी सांडत नाही, एवढं मला कळत होतं. पण पेला शेजारी असला की बोटं आपोआप हळू दाबायची. तुम्ही मला जुन्या ट्रिप शीटांचा गठ्ठा आणून दिलात, पाठीमागे लिहायला. त्यांच्या एका बाजूला तुमच्या फेऱ्यांच्या वेळा, दुसऱ्या बाजूला माझ्या. एक एकोणतीस. एक अठ्ठावीस. मग पंधरा दिवस तिथेच अडलेली. मग पाचव्या वळणाच्या बऱ्याच आधी, छातीत धस्स होईल इतक्या आधी बोट उचललं आणि एक सव्वीस. संध्याकाळी तुम्ही घरी आलात की पाय धुवायच्या आत विचारायचात, "आज किती?" असं कधी माझे परीक्षेचे मार्कही विचारले नव्हते तुम्ही.

मग तुमच्या छातीत दुखलं. आठ दिवस आस्पत्रीत. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, जपायला हवं. नेमकी त्याच आठवड्यात सेंटरने स्पर्धा ठेवली होती, जिल्ह्यातल्या चार सेंटरांची. मी म्हटलं मी जात नाही. तुम्ही उशीला टेकून बसला होतात. "जा," म्हणालात. "येथें बसून काय करशील, माझं तोंड पाहशील? जा. मात्र वेळेत ये." मी निघताना तुम्ही बोटांनी हवेत वळण काढून दाखवलंत. आधी मोड, मग सोड.

त्या दुपारी मी दुसऱ्या नंबरवर आहे. पॉलिटेक्निकवाला माझ्यापुढे, अर्ध्या सेकंदाने. माझी शेवटची पाळी यायची आहे, तीन फेऱ्यांची. मी खुर्चीवर बसलेली, पेला शेजारी, आणि रिसेप्शनवरची ती मुलगी काचेचं दार ढकलून आत येते. म्हणते, "मॅडम, तुमच्या अम्मांचा फोन होता, बूथवरून. तुमच्या भाषेत घाईघाईत काहीतरी म्हणाल्या आणि ठेवला. वेलै नाही, वेलै नाही म्हणत होत्या. म्हणजे काही काम नाही ना? तुम्ही सावकाश या, असंच म्हणायचं असेल."

तमिळमध्ये वेलै म्हणजे काम, हे तुम्हाला मी काय सांगायचं. अम्मा म्हणाली होती, वेळ नाही. तिला सांगा, वेळ नाही. आयुष्यभर परक्यांशी चोख तमिळ बोललेली अम्मा त्या एका क्षणी आपल्या भाषेत बोलली, आणि त्या मुलीने जे शब्द ओळखीचे वाटले ते उचलले. दोष कोणाला द्यायचा? आपल्या घरात गेली पंचवीस-सव्वीस वर्षं ही गोष्ट अशीच सांगितली जाते. नातेवाईक पुढच्याला समजावतात: एका अक्षराने घात केला बघा, ळ चा ल झाला. ऐकणारा चुकचुकतो. ती मुलगी तेराव्याला आली होती, रडून रडून डोळे सुजलेले, अम्माच्या पायावर डोकं ठेवलं तिने. मी तिला उठवलं. सगळे म्हणाले, बघा कशी समजूतदार पोर आहे.

अप्पा, मला कळलं होतं.

ती दारात उभी राहून बोलली तेव्हाच कळलं होतं. काही काम नाही हे सांगायला अम्मा आस्पत्रीतून उतरून, रस्ता ओलांडून, बूथवर रांग लावून फोन करेल? आपली अम्मा? आणि वेळ हा शब्द मी जन्मापासून ऐकलेला. तो तमिळ तोंडातून कितीही वाकडा आला तरी मला ओळखू येणार नाही? मी उठायला हवं होतं. लूना बाहेर उभी होती, आस्पत्री बारा मिनिटांवर. मी त्या मुलीकडे बघून मान हलवली, म्हणाले, "सरी, ठीक आहे. काही काम नसेल." आणि वळून बटण दाबलं.

पुढे मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले होते, जाऊन काय ऐकावं लागेल याची भीती होती, न जाण्याने ते टळेल असं वाटलं. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला ती फेरी हवी होती. लोभ होता, दुसरा शब्द नाही. तीन फेऱ्यांनी काय बिघडतंय, पाच मिनिटं, असं मी मनात म्हटलं. पहिली फेरी फुकट गेली. दुसरीत पाचव्या वळणावर गाडी भिंतीला घासली. तिसरीत मी सगळं तुमच्यासारखं केलं. आधी मोडलं, वळणात गाडी सोडून दिली, भिंतीकडे बघितलं नाही. पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. एक मिनिट तेवीस सेकंद. तशी फेरी मी पुन्हा कधी मारली नाही, आणि मागे कोणी बसलंय हे त्या एकाच फेरीत मी पूर्ण विसरले होते.

मग बक्षीस. तेही मी थांबून घेतलं, कारण एकदा थांबलेल्याला आणखी दहा मिनिटं थांबणं सोपं असतं. आस्पत्रीत पोचले तेव्हा तुम्हाला जाऊन पाच मिनिटं झाली होती. लगेच निघाले असते तर गाठ पडली असती, हा हिशोब मी इतक्या वेळा केलाय की त्यात आता चूक निघणार नाही. अम्माने सांगितलं, तुम्ही विचारलंत, "निघाली काय ती?" अम्मा नुकतीच फोन करून आली होती, म्हणाली निघाली. तुम्ही म्हणालात, "मग येते. ती वेळेत येते." माझ्या हातात बक्षिसाचा हॉटपॅकचा डबा होता. तो खाली कुठे ठेवायचा ते मला कळत नव्हतं. अम्मा अजून त्यात इडल्या ठेवते. म्हणते, तुझ्या अप्पांना किती कौतुक होतं त्या तुझ्या गाडीचं.

तिला मी हे सांगू शकत नाही. ब्याऐंशीची आहे, तिच्या हातून तुमचं शेवटचं वाक्य काढून घेणं मला जमणार नाही. पण ती रिसेप्शनवरची? ती दर सणाला येते, दर वेळी तेच ओझं अम्मापुढे उतरवते आणि जाताना पुन्हा उचलून नेते. ओझं माझं आहे. परवा निघताना अंगणात माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अक्का, लेकीला मी बजावलंय, फोनवर निरोप घेतला की दोनदा विचारून घे." मी म्हटलं, "हो, बरं केलंस." एवढंच. एक वाक्य लागलं असतं. तमिळमध्येही ते सोपं आहे, मराठीतही. पुढच्या आठवड्यात लग्न आहे. अम्माने साडी काढून ठेवली आहे. मंडपात ती समोर येईल, मला पहिल्या रांगेत बसवेल, पंक्तीत स्वतः वाढेल. सांगायचं मी रोज सकाळी ठरवते. दुपारपर्यंत वाटतं, पोरीच्या लग्नात कशाला, नंतर सांगू. वळण दिसतंय आणि माझं बोट काही उठत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते तर आहेच. तुमच्या ट्रिप शीटांच्या गठ्ठ्यात ठेवीन. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, तुमच्यासारखं लिहावं, आपलं मराठी तमिळ अक्षरांत, जसं आपण एकमेकांना लिहायचो. पहिली ओळ तशी लिहिलीही. मग ती खोडली आणि देवनागरी धरली. पुण्याची सवय, असं मी त्याला म्हणाले असते. पण खरं सांगते अप्पा, देवनागरी तुम्हाला वाचता येत नव्हती, म्हणून.