डिमॉसवरून सुटायला अठरा सेकंद

१९ जानेवारी, रविवार
उद्यापासून पळणं. कारण लिहून ठेवतो. मंगळाचा धाकटा चंद्र डिमॉस. तिथलं गुरुत्वाकर्षण इतकं कमी, की माझं ब्याण्णव किलो वजन तिथं तीसेक ग्रॅम भरेल. मुक्तिवेग ताशी वीस किलोमीटर. म्हणजे शंभर मीटर अठरा सेकंदांत पळणारा माणूस तिथून सुटला की परत येत नाही. विज्ञान दिनाला शाळेच्या मैदानावर अठरा सेकंदांत पळून दाखवणार, असं काल स्टाफरूममध्ये जाहीर केलं. पीटीचे राजपाल सर हसले. हसोत.

२० जानेवारी, सकाळी ६
मोबाईलवर वेळ लावायला नागरत्नाला सोबत नेलं. एकतीस सेकंद. त्यातले दहा तरी तिचे. बायकोला बटण वेळेवर दाबता येत नाही.

२३ जानेवारी
थंडी. पळालो नाही. कलबुर्गीच्या एका मुलींच्या हॉस्टेलात वॉर्डनची जागा आहे, नागरत्नाच्या बहिणीनं, मंजुश्रीनं कळवलंय. नागरत्नानं विचारलं, फॉर्म भरू का. मी म्हणालो, आधी आपल्या औरादच्या स्टँडवर बिदरची बस ओळखून दाखव. पाहुणे बसले होते, सगळे पोट धरून हसले. ती चहाचे कप घेऊन आत गेली. विनोदाचं टायमिंग मला उपजतच आहे.

२ फेब्रुवारी
तेहतीस. बूट जुने. नवे आणले.

६ फेब्रुवारी
नवे बूट चावतात. विश्रांती. संध्याकाळी नागरत्नानं अडाणी प्रश्न काढला. म्हणाली, अहो, वजनच तीस ग्रॅम असंल तर पहिल्याच पावलाला मानूस वर जाईल की. पाय भुईला टेकनारच न्हाईत तर पळंल कशावर? बाहेरून बी.ए. केलेल्या बाईची ही समज. वीस मिनिटं मुक्तिवेगाची व्याख्या सांगितली, दोनदा. शेवटी म्हणाली, व्हय, कळलं. काही कळलेलं नाही. भाकरी मात्र करपली होती, तेही दाखवून दिलं.

१५ फेब्रुवारी
नागरत्ना दोन दिवस बहिणीकडे कलबुर्गीला. वेळ लावायला कोणी नाही, म्हणून पळणं बंद. आज एकटीच बसनं परत आली. मंजुश्रीनं बसवून दिलं असणार.

२२ फेब्रुवारी
छत्तीस. वारा समोरून होता. नागरत्ना कपाट आवरतेय, साड्या वेगळ्या काढल्यात. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर टापटीप सुचली. म्हणाली, अठ्ठावीसला मला जायचंय, तुमाला सांगितलेलं बरं. मी म्हणालो, त्या दिवशी माझं पळणं आहे, त्यानंतर काय ते बोल. कुठं जायचंय हे विचारायचं राहिलं.

२८ फेब्रुवारी, दुपार
अख्खी शाळा मैदानावर. साठ मीटरवर पोटरी आखडली, खाली बसलो. राजपाल सरांनी घड्याळ बंद केलं नाही. लंगडत रेषेपर्यंत गेलो आणि तिथंच बसलो. माईकवरून एक मिनिट सात सेकंद सांगितले. पोरं टाळ्या वाजवत होती. मग आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, सर, तिथं पाय टेकतच न्हाईत तर पळायचं कसं? हेडमास्तर माईक माझ्यापुढं धरून उभे राहिले. मी व्याख्या सुरू केली, पण मधेच थांबलो.
फाटकाशी नागरत्ना उभी होती, बॅग घेऊन. माईकवरूनच हाक मारली. तिनं ऐकलं. पोटरीला शेक द्या, तेल फडताळात हाय, एवढं तिथूनच मोठ्यानं सांगून निघाली. मला उठता येईना.

१ मार्च
वॉर्डनची ऑर्डर तिला दहा दिवसांपूर्वीच आली होती. फ्रिजवर, माझ्या पळण्याच्या वेळापत्रकाशेजारी लावली होती. मी रोज वेळापत्रक बघत होतो.
घर खायला उठलंय. सकाळी राजपाल सर तेल चोळायला आले, हा माणूस वाईट नाही. त्यांना विचारलं, ती घाईनं गेली का. म्हणाले, न्हाई सर, मी संगं होतो, निवांत चालत गेल्या. स्टँडपर्यंत अर्धा किलोमीटर, साडेसात मिनिटं. म्हणजे ताशी चार.
करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून गणित केलं. ताशी चारनं चालत माणूस कायमचा सुटतो, असा चंद्र जेमतेम अडीच किलोमीटर रुंदीचा भरतो. तीन वेळा ताळा केला. एवढ्याशा गोळ्याला नाव ठेवत नाहीत, नुसता नंबर देतात.