आंपेलिओचे डोळे आणि ग्राप्पा

प्रिय ओलिंदो,

मक्याचं पीठ, साखर, यीस्ट. एका सकाळी मी नेहमीसारखी विद्यापीठात प्रयोगाच्या फळमाश्यांसाठी पोलेंटा, म्हणजे मक्याची लापशी, ढवळत होते, बाटल्यांत ओतत होते. तू चारचौघांत म्हणतोसच, आमची वहिनी माश्यांची स्वयंपाकीण. 'प्रिय' हे पद्धत म्हणून लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस.

काही बाटल्यांवर 'ओपा-एक' लिहिलं होतं. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांनी कागद दिले. शब्दकोश घेऊन महिनाभर वाचले. तुलाही कळेल असं सांगते. पेशीला शक्ती पुरवणारे बारीक दाणे असतात, मायटोकॉन्ड्रिया. ते एकमेकांत मिसळून लांब धागे होतात, पुन्हा तुटतात. किती जुळायचं, किती तुटायचं हे जनुकं ठरवतात. ओपा-एक हे जुळवणारं. आईबापांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक बिघडली, तरी दाण्यांचे तुकडेच राहतात आणि डोळ्याची नस हळूहळू मरते. आधी निळं-हिरवं कळेनासं होतं, मग समोरचा चेहरा.

तुझ्या भावाचं, माझ्या आंपेलिओचं अगदी तसंच झालं. तू मात्र गावभर सांगितलंस, ग्राप्पा ढोसून डोळे घालवले. रविवारचा एक पेला प्यायचा तो. तोही सोडला, सहा वर्षं. तरी अंधार वाढतच गेला, तर म्हणालास, चोरून पितो. कालव्याच्या पायरीवरून पडून गेला, तेव्हा शवपेटीशेजारी उभा राहूनही तेच. अक्कल नसली की गळा मोठा लागतो, तो तुला आहे. पण तुझं ऐकून मीही तो घरी आला की त्याचं तोंड हुंगायचे. शेवटी त्यालाही आपलाच दोष वाटू लागला. त्याबद्दल तुला माफी नाही. मलाही नाही.

गेल्या रविवारी तुझ्याकडे जेवताना तू फोस्काला निळी बशी मागितलीस, तिने हिरवी दिली. एकोणीस वर्षांची तुझी लेक पाहुण्यांसमोर खजील झाली, आणि तू हसत म्हणालास, "काकावर गेली. काय गं, सकाळपासूनच लावलीस का?"

काकावर गेली. आयुष्यात एकदा खरं बोललास, तेही न कळता. भांडी पुसताना तिने मला हळूच विचारलं, काकाचं असंच सुरू झालं होतं का. हे तुमच्या घराण्यातलं आहे, ओलिंदो. तुझ्यातही असेल, कुणाचे डोळे घेतं, कुणाला सोडून देतं. त्यावर औषध नाही. पण दोष आपला नाही, एवढं तरी त्या पोरीला वेळेवर कळायला हवं. तू ते तिला कळू दिलं नसतंस.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली, फोस्काला बसने पादोव्याच्या दवाखान्यात नेलं आणि त्या जनुकाच्या तपासणीसाठी तिला रक्त द्यायला लावलं.

आंपेलिओचीच,
झीता