पाचव्या लुगड्याचा रंग

कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर २०२५

जोतीराम यांस,
सप्रेम नमस्कार. तुमच्या आई, चिमणाबाई गेल्याचं परवा पेपरात वाचलं. फोन करायचं धाडस झालं नाही, म्हणून हुपरीच्या पत्त्यावर लिहिते आहे. इकडे थंडी पडायला लागली. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

मार्चमध्ये माझ्या आजोबांच्या चित्रांच्या प्रदर्शनाला तुम्ही आईंना घेऊन आला होतात. १९४१च्या त्या स्केचसमोर त्या थांबल्या. हुपरीतल्या एका ओसरीवर पैंजण जोडत बसलेल्या पाच बाया. आजोबा जागेवर पेन्सिलीनं रेखाटत आणि रंग घरी भरता यावेत म्हणून लुगड्यांवर नावं लिहून ठेवत. हिरवा, डाळिंबी, निळा, मोरपंखी. कडेच्या पाचवीवर काहीच लिहिलेलं नाही.

"ही माझी आई," त्या म्हणाल्या.

मी चाळीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेली बाई. जित्याची खोड, शिकवायला लागले. चांदी घडवणाऱ्यांचे पाय कसे उघडे, पाचवीला कडेला सारून मधली जागा कशी रिकामी सोडली, विधवेला समाजानं रंग कसा नाकारला. प्रदर्शनासाठी मी लिहिलेल्या पुस्तिकेतही हेच छापलंय.

"इधवा न्हवती की ती. लुगडं कंच्या रंगाचं हुतं, सांगू काय?"

"त्याची गरज नाही, आजी," मी म्हणाले. आत्या म्हणायला हवं होतं, हे ठाऊक असून.

हो, ठाऊक होतं. विसरायची भीती असेल तोच रंग आजोबा लिहीत. माझ्या आजीच्या एकाही रेखाटनावर रंगाचं नाव नाही, कारण तिची लुगडी तेच आणत. हुपरीत त्यांचं दुसरं घर होतं आणि तिथेही लुगडी तेच नेत, हे वडिलांनी जाण्याआधी मला सांगितलं होतं. चिमणाबाई त्या घरातल्या, वडिलांच्या सावत्र बहीण. लोक काय म्हणतील या भीतीनं मी त्यांच्या आईला विधवा करून टाकलं आणि वर त्यांनाच ते समजावून सांगितलं. मला स्वतःची लाज वाटते.

निघताना तुम्ही एवढंच मागितलंत, की चित्राखाली त्या पाचवीचं नाव यावं. मी "बघू" म्हणाले आणि आठ महिने बघत बसले.

काल पुस्तिकेतला तो मजकूर काढून टाकला. नवा लिहायला घेतला, 'कडेला बसलेली माझी दुसरी आजी', आणि पुढे हात थांबला. नाव मला माहीतच नाही. मी कधी विचारलं नाही. कळवाल का?

तुमची मामेबहीण,
अवंतिका