सुधारलेली पुस्तके पुन्हा बिघडवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय,
पहिला मजला, बंद लिफ्टसमोर.

विषय : ग्रंथालयाने सुधारलेली जपानी पुस्तके पूर्ववत बिघडवून मिळणे व माझ्यावरील खोटेपणाचा आरोप मागे घेणे.

संदर्भ : माझा प्रबंध नाकारल्याचे आपले पत्र (ज्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला आहे).

महोदय,

१. मी जपानी अभ्यास विभागाची संशोधक विद्यार्थिनी आहे. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि ॲनिमे म्हणजे तिथले ॲनिमेशनपट. या दोहोंतून जपानी समाज आणि तिथल्या माणसाची स्वतःविषयीची समज कशी दिसते, हा माझा विषय. तो आपल्याच कार्यालयाने मंजूर केला आहे. मंजुरीची सही करताना साहेब "कार्टून ना? करा, करा," म्हणाले होते. मी ते हसण्यावारी नेले.

२. प्रबंधाचे तिसरे प्रकरण एका चित्रावर उभे आहे. कपडे धुण्याचे दुकान चालवणारी आई आणि नोकरी सोडून घरी परतलेली तिची मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसल्या आहेत. उजव्या पानावर आई, डाव्या पानावर मुलगी. दोघी एकमेकींकडे बघताहेत आणि बोलत काहीच नाहीत. चारचौघांत जपायचा चेहरा आणि मनातले खरे यांच्यामधले अंतर त्या टेबलाएवढे आहे, असे मी लिहिले. तेवढ्या एका वाक्यासाठी मी वर्षे घातली.

३. जपानी पुस्तक उजवीकडून उघडते. आपल्या बांधणी विभागाला हा छपाईतला घोळ वाटला. विभागाने सगळ्या मांगांचे कणे कापले आणि पाने दुसऱ्या बाजूने चिकटवली. मी जाब विचारायला गेले, तर तिथले प्रमुख वेफर खात म्हणाले, "अहो बाई, उलटी आली होती, सुलटी करून दिली. आभार मानायचे सोडून भांडता काय?" पुस्तकांना सरसाची आंबूस घाण मारत होती. कडांवर तेलकट अंगठे उमटले होते आणि ग्रंथालयाचा शिक्का नेमका आईच्या तोंडावर मारला होता. मला अक्षरशः शिसारी आली. शिवाय उजवे पान डावीकडे गेल्यामुळे त्या दोघी आता एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत आणि कोऱ्या समासाकडे बघताहेत.

४. परीक्षण समितीने माझे प्रकरण ग्रंथालयाच्या या प्रतीशी ताडून पाहिले आणि शेरा मारला : "चित्रातील व्यक्ती परस्परांकडे पाठ करून आहेत. विद्यार्थिनीने पुरावा रचला आहे." मी म्हटले, याच कथेचा ॲनिमे बघा. त्यात हा प्रसंग बराच वेळ स्थिर राहतो, काहीच हलत नाही, आणि तेच त्याचे म्हणणे आहे. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "अडकलं वाटतं. पुढे घ्या." पुढे घेतले. इतिवृत्तात "चित्रफीत सदोष" अशी नोंद झाली. पुढे याच अध्यक्षांनी एका परिसंवादात "पाठ फिरवून जेवणारे जपानी कुटुंब" या विषयावर भाषण ठोकले. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होते.

५. मागच्या अर्जासोबत मी पुरावा म्हणून माझी स्वतःची प्रत जोडली होती. खाऊचे पैसे साठवून घेतलेली, कोरी करकरीत. ती परत आली ती कणा कापून, डावीकडून चिकटवून. आत चिठ्ठी होती : "सोबतची सदोष प्रत विनामूल्य दुरुस्त करण्यात आली आहे." महोदय, या चांगुलपणाचा मला वीट आला आहे. द्वेषाने कुणी फाडली असती, तर निदान भांडता आले असते.

६. पुढील मजकुराचा विषयाशी थेट संबंध नाही, तरी नोंद व्हावी. "चित्रं बघून कुणी डॉक्टर होतं का?" असे माझी आई पहिल्यापासून म्हणत आली. आपले पत्र आल्यापासून आमच्यात कामापुरतेच बोलणे होते. परवा मी ब्लेडने माझ्या प्रतीतली ती दोन पाने सोडवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पहिल्यासारखी शेजारी शेजारी ठेवली. आई ताटे घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, "ही पोरगी उपाशी उठणार बघ. आणि आई काही तिला थांबवायची नाही." पुढच्या पानावर तेच आहे. आईने ते पान पाहिलेले नाही. मी विचारले, तुला कसे कळले? ती म्हणाली, "तू हल्ली अशीच बसतेस ना." मग ती माझ्यासमोर बसली. आम्ही दोघीही काही बोललो नाही, पण मी उठले नाही. पोटभर जेवले.

७. सबब विनंती की, माझ्यावरील आरोप मागे घ्यावा. ग्रंथालयातील सर्व मांगा पुन्हा उजवीकडून बांधाव्यात. हे होईपर्यंत बांधणी विभागाने कृपया कुणावरही उपकार करू नयेत.

आपली,
नम्रपणा संपत आलेली,
संशोधक विद्यार्थिनी, जपानी अभ्यास विभाग

दिनांक : आपण हे वाचाल त्याच्या बराच आधीचा.

सोबत : काहीही जोडलेले नाही. ती दोन पाने आमच्या टेबलावर आहेत. समितीने घरी येऊन पाहावीत. आईसमोरच्या खुर्चीत बसवून दाखवीन. येताना हात धुऊन यावे, आणि कात्री आणू नये.