काहीच न दिलेली ओळ

आई, आज तुला मक्याबद्दल सांगायचं आहे. इथे बंगळुरातच, के. आर. पुरमला, आमच्या इमारतीमागे जमिनीची एक पट्टी मोकळी आहे. माती आपल्या मल्लेश्वरमच्या परसातली होती तशीच, लाल आणि तुझ्या भाषेत 'आंबट', म्हणजे आम्लधर्मी. इमारतीच्या असोसिएशनने मला एक हंगाम दिला होता. मका चांगला आला तर पट्टी राहील, नाहीतर तिथे फरशी घालून गाड्या लावतील.

तू माती तपासणीच्या प्रयोगशाळेतून यायचीस आणि चहाच्याही आधी पदर खोचून वाफ्यात उतरायचीस. मक्याच्या एका ओळीला नुसतं शेणखत, दुसरीला नुसता चुना, तिसरीला चुना, शेणखत आणि थोडं रासायनिक खत. चौथीला काहीच नाही. चुना पेरणीच्या कितीतरी आधी मातीत मिसळून ठेवायचीस, चुना आणि खत एकाच दिवशी घातलेलं तुला चालत नसे. चौथी ओळ गुडघ्याएवढीच राहायची, पानांच्या कडा जांभळ्या पडायच्या. शेजारच्या अक्का कुंपणावरून विचारायच्या, "हिनं काय पाप केलंय गं? सावत्र आहे का?" तू नुसती हसायचीस. पाणी मात्र तिलाही बाकीच्यांइतकंच. अजून डोळ्यांसमोर आहे, मी शाळेतून येऊन पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांनिशी वाफ्यात शिरते आहे आणि तू ओरडते आहेस, "आधी बूट काढ. उद्या तुझ्या शाळेच्या सिस्टर मला बोलावून घेतील."

यंदा मीही तशाच चार ओळी लावल्या. तिसरी माझ्या डोक्यावर गेली. शेणखताची खांद्यापर्यंत आली, चुन्याची तिच्याहून बारीक आणि जरा पिवळट. चौथीकडे बघवत नव्हतं. वरच्या मजल्यावरची पुण्याची मुलगी रोज टोकायची, "काकू, तिलाही टाका ना मूठभर खत. रविवारी कमिटी बघायला येणार, फर्स्ट इम्प्रेशन काय पडेल?" तिचं म्हणणं मला पटत होतं. शनिवारी संध्याकाळी शेणखताची टोपली घेऊन मी त्या ओळीपाशी उभीही राहिले, आणि तशीच परत आले.

रविवारी असोसिएशनचे अध्यक्ष नेमके चौथ्या ओळीपाशीच थांबले आणि त्यांच्या कानडी वळणाने म्हणाले, "मॅडम, ही स्वल्प, थोडी आजारी दिसते. जेवायला घालत नाही का?"

"नाही. मुद्दामच. पहिलीला शेणखत, दुसरीला चुना, तिसरीला दोन्ही आणि रासायनिक खत. हिलाही काही दिलं असतं तर बाकीच्यांना कशाचा गुण आला ते कळलं नसतं."

मला वाटलं, संपलं. पण ते खाली बसले, जांभळं पान बोटांत धरून बघत राहिले. मग तिसऱ्या ओळीकडे मान वळवून म्हणाले, "हिला तुम्ही तिन्ही दिलंत. नुसता चुना आणि शेणखत दिलं असतं तर? ते कुठे आहे?"

ती ओळ मी लावलीच नव्हती. तू लावली होतीस का गं? काही केल्या आठवत नाही.

"त्याला आणखी एक हंगाम लागेल," मी म्हटलं.

"सरी, ठीक आहे, लावा मग. मलाही बघायचंय." मागे कुणीतरी पार्किंगबद्दल पुटपुटलं, ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जाताना त्यांनी विचारलं, हे सगळं कुणी शिकवलं. मी तुझं नाव सांगितलं. खरं तर चौथी ओळ का ठेवायची, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस आणि तू असताना मीही कधी विचारलं नाही. त्यांना दिलेलं उत्तर मला तिथेच, उभ्या उभ्या सुचलं. ते तुझं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.