नान चाखणं म्हणजे खाणं नव्हे

१८ मार्च
उपाशीपोटी साखर ११.८ मिलिमोल. डॉक्टर चिनारा म्हणाली, जूनपर्यंत सातच्या खाली आणा, नाहीतर इन्सुलिन. आणि इन्सुलिन लागलं तर हा उन्हाळा दवाखान्याजवळ काढायचा, गुरं घेऊन वर डोंगरातल्या कुरणावर जायचं नाही. मला हसू आलं. तिला पेशी मीच शिकवली, आठवीत. शरीर आपला समतोल आपणच राखतं, आपण फक्त मध्ये लुडबुड करायची नाही. चौसष्ट वर्षांत एकही उन्हाळा मी खाली गावात काढलेला नाही.
निश्चय: नान बंद. रोज संध्याकाळी तासभर चालणं. स्नायू हलले की साखर पेशीत शिरते, तिथे जळते, तिची ताकद होते. सोपं आहे.

१९ मार्च
चाललो. वाटेत शेजारच्या उरुमकानच्या अंगणात सगळे चहाला बसलेले. कोणी खात बसलंय आणि आपण नान न चाखता पुढे गेलो, तर त्या घराचा अपमान. चाखलं. सोबत साय होती. पुढे आणखी चार घरं लागली.
चाखणं म्हणजे खाणं नव्हे. वहीत धरायचं नाही.

२ एप्रिल
थकवा. हवा बदलतेय, त्याचा परिणाम. मोजा घालताना मध्येच विश्रांती घेतली.

९ एप्रिल
रस्ता बदलला. आता नदीकडून. नदीकडे धाकटा भाऊ एसेनकुल राहतो, हे लक्षात नव्हतं. भावाच्या घरून नुसतं चाखून उठता येत नाही. थोरल्याचा वाटा म्हणून मेंढीच्या शेपटीची चरबी पुढे आली. चरबी म्हणजे साखर नव्हे.

२७ एप्रिल
सारखी तहान. दिवसभरात दोन किटल्या पाणी. शरीर स्वतःच साखर धुऊन काढतंय. समतोलाचं इतकं सुंदर उदाहरण वर्गात कधी सुचलं नाही. वर्तमानपत्र वाचता वाचता झोप लागली.

११ मे
बुबुसाराने विचारलं, चालून आलेल्या माणसाला भूक कशी लागत नाही, आणि मिशीला मुरंबा कसा. मी पेशींच्या कार्यक्षमतेबद्दल सांगितलं. चौतीस वर्षं शिक्षकाशी संसार करूनही तिचा विज्ञानावर विश्वास नाही. म्हणाली, उद्यापासून मीही येते.

१२ मे
ती आली. नवराबायको मिळून दारात म्हटल्यावर लोकांनी नुसतं नान पुढे केलं नाही, जेवणासाठी नवं दस्तरखान अंथरून वर सगळं मांडलं. पाच घरी. परत येताना तीच म्हणाली, उद्यापासून तुमचे तुम्ही जा.

१ जून
घोड्याला नाल मारून आणलं. खोगीर पुसलं. मग तिथेच जमिनीवर खोगिराला टेकून बसलो. उठायला बुबुसाराला हाक मारावी लागली. तिने मला उठवलं आणि खोगीर स्वतःच आत नेलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

८ जून
१३.४.
मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. चिनाराने दुसऱ्या यंत्रावर बघितलं. १३.६. मग कागद बाजूला ठेवला.
"सर, तुम्ही एकदा मला उभं करून विचारलं होतं, रक्तात साखर भरपूर आणि पेशी मात्र उपाशी, असं केव्हा होतं? मला आलं नव्हतं. तास संपेपर्यंत उभी होते."
मी म्हटलं, पेशीचं दार उघडत नाही तेव्हा. साखर बाहेरच ताटकळते.
"मग तुम्ही कशाने दमता, ते मी सांगायला हवं का?"
दिवसाला किती नान, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, फक्त चाखतो. तिने तसंच लिहून घेतलं. वहीत पहिल्यांदाच आलं ते, तेही तिच्या.

१४ जून
सकाळी पहिली सुई. बुबुसाराने टोचली, मी भिंतीकडे बघत होतो.
दहाला कुरणावर जाणाऱ्यांचा ट्रक आला. सवयीने टोपी घालून मीही अंगणात उभा राहिलो. दूर जाणाऱ्याने नानचा एक घास तोडायचा आणि उरलेलं नान तो परतेपर्यंत घरात टांगून ठेवायचं, ही आमची रीत. बुबुसारा ताजं नान घेऊन बाहेर आली, माझ्यासमोरून गेली आणि एसेनकुलपुढे धरलं. त्याने दातांनी घास तोडला आणि नान माझ्या हातात दिलं. म्हणाला, "दादा, सांभाळ. सप्टेंबरात येऊन मीच संपवीन."
माझा घोडाही त्यांच्याबरोबर गेला.
नान स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलंय. भावाच्या दातांची खूण इथून दिसते. या गावात मी न चाखलेलं हे एकच नान, आणि अडीच महिने त्याच्यासमोर बसायचंय.