चाळीस फ्रेमची उडी

४ मार्च
दादाला जाऊन एकोणचाळीस दिवस. त्याची लायब्ररी आता माझ्या गळ्यात. गेम बनवणाऱ्यांना लागणारा तयार कोड – चित्र हलवणं, आवाज, उडी, बस. ‘पीस’ नाव ठेवलं होतं त्याने, इतकी हलकी! ऑफिसात म्हणतात, धीराची आहेस. धीर कसला. काहीच वाटत नाही. दात घासावेत तसा कोड वाचते.

७ मार्च
एका गेमवाल्याची तक्रार: तुमच्या कोडवर चालणारी गेममधली माणसं कडा सुटल्यावर हवेतूनही उडी मारतात. बघितलं. खरंच! पाय सुटल्यावरही क्षणभर उडीचं बटण चालावं, ही सवलत सगळेच देतात. सहा फ्रेम, फार तर आठ. सेकंदाला पडद्यावर साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, येतात. दादाने चाळीस दिल्यात! घाईत चुकला असणार. सहा केल्या. नवी आवृत्ती सगळीकडे टाकली, बाबांच्या कॉम्प्युटरवरही.

९ मार्च
बाबा जेवणानंतर खड्ड्यांचा गेम खेळतात. दादाने लायब्ररीसोबत नमुना म्हणून केलेला. अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात मंद, पण पहिल्या खड्ड्यात कधी पडले नव्हते. आज पाच वेळा पडले. मी भांडी पुसत होते.

१० मार्च
खेळले नाहीत.

१३ मार्च
कॉम्प्युटर लावतच नाहीत. खिडकीशी बसून असतात. आई म्हणाली, पोरगा गेल्याचं आता आत उतरलंय. मी विचारलं, तर हात मांडीखाली सारला. म्हणाले, “तो गेला, आता हातही गेला. राहिलं काय?”
मी ताट उचलून आत आले. मग एकदम त्या सहा फ्रेम आठवल्या. अक्कल शेण खायला गेली होती माझी!

१४ मार्च
त्या एका ओळीचे जुने बदल उघडले. चार वर्षांपूर्वी सहा. झटक्यानंतर दहा. मग सोळा, चोवीस, एकतीस. चाळीस केल्या, त्या तो जायच्या आठवडाभर आधी. दर वेळी बदलासोबत लिहिलेली टीप एकच: किरकोळ बदल.
बाबांना वाटायचं, हात आहे तसा आहे. हात घसरत होता आणि दादा पायाखालची जमीन लांबवत होता. त्या एका गेमपुरतं केलं असतं तरी भागलं असतं. पण बाबांनी दुसरा गेम लावला असता तर? म्हणून थेट लायब्ररीत. एका हातासाठी सगळ्या खेळणाऱ्यांना फुकटची उडी!
चाळीस परत टाकल्या. तरी रडू आलं नाही.

१५ मार्च
बाबांना बळेच बसवलं. पहिल्याच खड्ड्यात पडले. दोनदा. चाळीसही पुरत नाहीत आता.

१६ मार्च
आज तिन्ही खड्डे पार! हात पुढे करून दाखवला मला. “बघ, सुधारतोय.”
मी हो म्हटलं. काल संध्याकाळी शेचाळीस केल्या होत्या. टीप लिहिताना रडू फुटलं, दादा गेल्यापासून पहिल्यांदा. टीप एवढीच: किरकोळ बदल.